स्वयंपाकाचा गेम काढणार असाल, तर त्यात स्वयंपाक राहू द्या

प्रति,
नागपूर आणि विदर्भातल्या मसाले, पापड-लोणची, फरसाण, तयार पिठं बनवणाऱ्या कंपन्यांचे मालक, संचालक आणि त्यांचे जाहिरात विभाग

सप्रेम नमस्कार.

आपल्या मालाच्या प्रचारासाठी स्वयंपाकाचा मोबाइल गेम काढावा, असा विचार तुमच्यापैकी काहींच्या मनात घोळतो आहे. मला हे ठाऊक आहे, कारण मी नागपुरातल्या एका छोट्या स्टुडिओत गेमची रचना करते. खेळणाऱ्यानं काय करायचं, कशानं जिंकायचं, कशानं हरायचं हे ठरवणं माझं काम. अशी विचारणा आली की तिचा कागद माझ्या टेबलावर येतो. त्या कागदांवर जे लिहिलेलं असतं, त्याबद्दल बोलायचं आहे. एकेका बैठकीत बोलून उपयोग होत नाही असं दिसलं, म्हणून हे उघड पत्र.

मागणी थोडक्यात सांगते आणि मग कारणं देते. गेममध्ये वेळ आखडा, चित्रं हवी तितकी रंगीत करा, तुमचं पाकीट ठसठशीत दाखवा. पण पदार्थ कसा होतो हे खोटं सांगू नका. क्रम आणि कारण, या दोन गोष्टींना हात लावू नका.

आता कागदावर काय असतं ते. नाव कुणाचंच घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. एक हॉटेल असतं. गिऱ्हाईक येतं, त्याच्या डोक्यावर फुगा, फुग्यात पदार्थाचं चित्र. खेळणाऱ्यानं आधी कढईवर बोट ठेवायचं, मग भाजीवर आणि शेवटी कंपनीच्या पाकिटावर. पाकीट फाटतं, सोनेरी चांदण्या उडतात, पदार्थ तयार. भरली वांगी असोत, मटण असो की पाटोडीचा रस्सा, टॅप तीनच आणि तिसरा कायम पाकिटाचा. गिऱ्हाईक खूश, नाणी जमा. पुरेशी नाणी झाली की कूपन, आणि कूपन हवं तर फोन नंबर द्या. दुकानातून नवं पाकीट आणून त्यावरचा कोड स्कॅन केला तर जास्तीचे जीव. आणि खाली जवळजवळ नेहमी एक अट असते: पदार्थ कधीही करपता कामा नये.

ही शेवटची अट मला सगळ्यांत जास्त खुपते. तिच्यामागची भीती मला कळते. आपल्या नावाशेजारी काळी कढई दिसावी असं कोणत्या मालकाला वाटेल? वर्षानुवर्षं राबून नाव कमावलेलं असतं. पण ज्या खेळात हरताच येत नाही, तो मूल दोन दिवसांत टाकून देतं. आणि ज्या स्वयंपाकात काही बिघडतच नाही, तिथे शिकण्यासारखं काही उरत नाही. फोडणी करपू शकते म्हणून तर आपण मोहरीच्या आवाजाकडे कान लावून बसतो. बेसनाच्या गाठी होऊ शकतात म्हणून एका हातानं पीठ सोडत दुसऱ्या हातानं घोटत राहतो. चुकण्याची शक्यता काढून टाकली की हातानं काही करण्याचं कारणच संपतं, आणि मग उरतो तो पाकिटावर बोट ठेवण्याचा सराव.

एक गोष्ट तुमच्या विरोधात नाही, तुमच्याच बाजूनं सांगते. तुमच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. तिथे तुम्ही प्रामाणिक आहात. कांदा लालसर होईपर्यंत परता, मसाला घालून तेल सुटेपर्यंत भाजा, मग गरम पाणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्या. हे तुम्हीच छापता. तुमच्या कारखान्यात कुणीतरी जाणत्या माणसानं तो पदार्थ पुन्हापुन्हा करून पाहिलेला असतो, तेव्हा ती कृती ठरते. मग त्याच कंपनीच्या गेमनं पाकिटापेक्षा कमी खरं का बोलावं? पाकिटाच्या मागच्या चार ओळी जशाच्या तशा गेममध्ये आल्या तरी माझी अर्धी तक्रार मिटेल.

कंपन्यांनी गेम काढणं हे काही आजचं नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये कूल-एड या सरबताच्या पुडीवरून गेम निघाला होता. त्याच वर्षी कोका-कोलानं अटारी या गेम कंपनीकडून एक गेम आपल्याच माणसांना वाटण्यासाठी करून घेतला. त्यात पेप्सी या नावाची अक्षरं वरून खाली येत आणि ती गोळ्या घालून उडवायची. १९९६ मध्ये चेक्स नावाच्या न्याहारीच्या डब्यात एक सीडी निघाली, 'चेक्स क्वेस्ट' नावाची. तेव्हा गाजत असलेल्या 'डूम' या मारधाडीच्या गेमचाच सांगाडा घेऊन ती बनवली होती, पण लहान मुलांसाठी म्हणून त्यात कुणी मरत नाही. परग्रहावरचे चिकट प्राणी परत आपल्या घरी पाठवले जातात. २००६ मध्ये बर्गर किंगनं एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठी तीन गेम काढले आणि जेवणासोबत ३.९९ डॉलरला एक असे विकले. २०१९ मध्ये केएफसीनं काढलेला गेम चक्क एका पाककला विद्यालयात घडतो, पण तो प्रेमकथेचा, त्यात शिजवणं नावापुरतं.

यांतलं काय टिकलं हे पाहण्यासारखं आहे. 'चेक्स क्वेस्ट' खेळून मोठी झालेली मुलं पुढे स्वतःच त्याच्या नव्या लेव्हल बनवत राहिली, आणि २०२० मध्ये कंपनीनंच त्याची नवी आवृत्ती काढली. चोवीस वर्षांनी. कारण न्याहारी बाजूला ठेवली तरी तो खेळ म्हणून उभा राहत होता. उलट कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या छोट्या-छोट्या जाहिराती गेमची रास लागली होती, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीनं फ्लॅश बंद केलं तेव्हा त्यांतले बरेचसे गेले. त्यांच्यासाठी फारसं कुणी हळहळलं नाही.

आणि स्वयंपाकाचा खरा खेळ होऊ शकतो का, हा प्रश्न तर केव्हाच सुटलेला आहे. 'कुकिंग मामा' हा जपानी गेम २००६ मध्ये निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावर आला. त्यात छोट्या पेनानं पडद्यावर खरोखर सोलायचं, चिरायचं, ढवळायचं. चुकलात तर मामाच्या, म्हणजे स्वयंपाक शिकवणाऱ्या आईच्या, डोळ्यांत जाळ दिसतो. कुणाचं पाकीट विकायला तो काढलेला नव्हता, तरी जगभर मुलं तो खेळली. २०२३ चा 'वेन्बा' तर आपल्या आणखी जवळचा. टोरांटोतल्या एका छोट्या चमूनं केलेला, कॅनडात जाऊन राहिलेल्या तमीळ कुटुंबाचा गेम. आईची पाककृतींची वही फाटलेली, डागाळलेली. काही ओळी वाचताच येत नाहीत. मधली पायरी काय असेल हे खेळणाऱ्यानं विचार करून शोधायचं. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हे त्यातलं एक कोडं आहे: भोकं अशी आली पाहिजेत की वाफेला वर जायला वाट मिळेल. ज्यानं आयुष्यात इडली केली नाही, त्यालाही ते कोडं सोडवताना वाफेवर शिजवणं म्हणजे काय ते कळतं. त्या गेमला २०२४ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा या संस्थेचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. असं काम मोठ्या शहरांतच होतं असंही समजू नका. 'स्टार शेफ' हा २०१४ चा गेम उडुपीतल्या ९९गेम्स या कंपनीचा आहे. उडुपीत होऊ शकतं ते नागपुरात का होऊ नये?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. गेम रचणाऱ्याच्या नजरेनं नागपूरच्या पदार्थांकडे पाहिलं की कळतं, इथे बाहेरून काही आणावंच लागत नाही.

लांब रोटी घ्या. गव्हाची कणीक पाणी देत-देत इतकी मळायची, इतकी आपटायची की ती हातावरून ओघळायला लागते. मग तो गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद पसरायचा. हे करणाऱ्या बायांचे हात पाहिले आहेत ना तुम्ही? फोनच्या पडद्यावर दोन बोटांनी ताणणं आणि फोन डावी-उजवीकडे झुकवून तोल सांभाळणं, हे आज साध्यातल्या साध्या फोनमध्येही होतं. एका बाजूला ताण जास्त झाला की भोक पडतं. कणीक कमी मळली असेल तर ती ताणण्याआधीच तुटते, म्हणजे दुसऱ्या पायरीवर कळलेली चूक पहिल्या पायरीत जाऊन शोधावी लागते. खेळणारा परत मळायला जातो, या वेळी कुणी न सांगता जास्त मळतो. एवढं झालं की त्याला कणकेतला चिवटपणा कशानं येतो ते समजलं, आणि एक ओळही वाचावी लागली नाही. तीन टॅपमध्ये हे बसवून दाखवा.

सावजीचा मसाला तर त्याहून सरस. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेलं हे जेवण आज गावभर पाट्या लावून विकलं जातं. खसखस, सुकं खोबरं, धने, दगडफूल, मिरी, लवंग. पुढची यादी घरागणिक बदलते आणि सहजासहजी कुणी सांगत नाही. सांगूही नये, गेमला ती लागत नाही. गेमला लागतं ते भाजण्याचं शास्त्र, आणि ते सगळ्या घरांत सारखं आहे. सगळं एकदम कढईत टाकलं तर धने कच्चे असतानाच खसखस जळून बसते. खोबऱ्याच्या अंगात तेल, त्यामुळे त्याला बराच वेळ काही होत नाही असं वाटतं आणि मग बघता-बघता रंग बदलतं. म्हणून एकेक जिन्नस वेगळा, एकेकाची आच वेगळी. फोनमधून वास देता येत नाही ही आमची मोठी अडचण आहे, आणि भाजताना तर आपण नाकावरच चालतो. पण रंग देता येतो, धुराची जात देता येते, आवाज देता येतो. मोहरी तडतडायला लागली की हातातला फोन बारीक थरथरू शकतो आणि ती थरथर थांबत आली की पुढचा जिन्नस टाकायचा. असं खेळलेलं पोर उद्या खऱ्या कढईपाशी उभं राहिलं तर कान टवकारून उभं राहील.

जुन्या पद्धतीच्या सावजी रश्शात जवसाचं तेल असायचं. ते का, आणि शेंगदाण्याच्या तेलानं काय बदलतं, ही एक स्वतंत्र लेव्हल. मिरचीची दुसरी. भिवापूर आपल्याच जिल्ह्यात, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. कळमन्याच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगांपुढे उभं राहून रंगासाठी कोणती आणि तिखटासाठी कोणती हे निवडायचं. तुमच्यापैकी जे मसाले बनवतात, त्यांची खरेदी करणारी माणसं हे रोज करतात. त्यांचं ते ज्ञान गेममध्ये आलं तर त्याहून चांगली जाहिरात कोणती?

आणखी किती सांगू. पाटोडीत उकळत्या पाण्यात बेसन सोडण्याचा वेग, वाफ कधी पुरे झाली ते ओळखणं, आणि वड्या रश्श्यात वाढायच्या वेळीच घालणं, आधी घातल्या तर त्या भिजून फुटतात. गोळाभातात भात अर्धा शिजलेला असताना बेसनाचे गोळे ठेवायचे. लवकर ठेवले तर विरघळतात, उशिरा ठेवले तर आत कच्चे. सांबारवडीला हिवाळ्यातला हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन अगदी कोरडा करून घ्यायचा, ओला राहिला तर सारण पाणी सोडतं आणि वडी तेलात उकलते. तर्री पोह्यांत पोहे जाड की पातळ यावरून भिजवण्याची वेळ ठरते, आणि गिऱ्हाईक तर म्हणणारच, "भाऊ, तर्री टाका अजून." प्रत्येक वाक्यात एक 'कारण' आहे. गेमची रचना दुसऱ्या कशापासून होत नाही, अशा कारणांपासूनच होते.

मग पाकीट कुठे, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, पैसे तुमचे आहेत. पाकीट तिथेच असावं जिथे ते खऱ्या स्वयंपाकघरात असतं. मसाला भाजून-दळून तयार मिळतो म्हणजे दोन मोठ्या पायऱ्या वाचल्या. हे खरं आहे, ते अभिमानानं दाखवा. एका बाजूनं घरी भाजणारी आजी, दुसऱ्या बाजूनं पाकीट वापरणारी, नोकरीहून दमून आलेली सून किंवा मेसला कंटाळलेला विद्यार्थी. दोघांचा रस्सा होऊ शकतो, वेळ वेगळा लागतो. मात्र कांदा कच्चा राहिला, पाणी जास्त पडलं, तर पाकीट घालूनही रस्सा जमत नाही, हेही दिसू द्या. करपलेल्या कढईशेजारी तुमचं नाव नको असेल तर त्यालाही उपाय आहे. चूक झाली की पडद्यावरून पाकीट बाजूला जाईल, फक्त कढई राहील आणि कुठे चुकलं ते सांगणारं एखादं माणूस. नाव सुरक्षित आणि स्वयंपाकही खरा. हे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं आहे. मी करून देते.

मुलांच्या बाबतीत मात्र मी जास्त कडक बोलणार आहे.

असा गेम कोण खेळतं, हे तुम्हालाही माहीत आहे. 'फक्त १८ वर्षांवरील' असं लिहून सुटका होत नाही, कारण फोन आईचा, खातं आईचं आणि खेळणारं बोट आठ वर्षांचं. नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १० वयाच्या २७० मुलांना वेगवेगळे गेम खेळायला दिले होते. ज्यांच्या गेममध्ये खाण्याच्या पदार्थांची जाहिरात होती ती मुलं नंतर जास्त खाऊ लागली. आणि गेम फळांचा असला तरी हात जास्त करून भरपूर कॅलरीच्या खाऊकडेच गेला. म्हणजे मुलाला गेममधून खाण्याची आठवण करून देणं हीच मोठी ताकदीची गोष्ट आहे, ती हलक्या हातानं वापरायची नसते. ब्रिटनमध्ये जाहिरातींच्या नियमावलीनं जास्त चरबी-मीठ-साखरेच्या पदार्थांना मुलांच्या ऑनलाइन माध्यमांतून १ जुलै २०१७ पासून हटवलं, आणि त्यात असे जाहिराती गेमही धरले.

आपल्याकडेही नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांना थेट 'विकत घ्या' किंवा 'आईबाबांना घ्यायला लावा' असं जाहिरातीतून सांगता येत नाही. पाकिटावरचा कोड स्कॅन केला तरच पुढचे जीव मिळतील, ही रचना वेगळ्या शब्दांत तेच सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं फसव्या रचनांचे १३ प्रकार नावानिशी सांगितले; वेश बदललेली जाहिरात आणि खोटी घाई हे दोन्ही त्यांत आहेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिरात करायला मनाई. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला आणि त्यांची जाहिरात करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी केलेली आहे. धरमपेठेतल्या शाळेच्या फाटकावर जे लावता येत नाही ते त्याच शाळेतल्या मुलाच्या हातातल्या फोनवर चालवायचं, हे मला पटत नाही. कायद्यात पळवाट सापडली तरी पटणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे: गेम उघडल्या-उघडल्या पहिल्याच पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा की हा अमुक कंपनीनं काढलेला जाहिरातीचा खेळ आहे. सात वर्षांच्या मुलाला वाचता येईल एवढं मोठं. फोन नंबर मागू नका, फोनमधली नावं मागू नका. खरेदीशी जीव बांधू नका. आणि चिप्ससारखा माल असेल, तर मुलांसाठी गेम काढूच नका. हे स्पष्ट सांगितल्यानं आमच्या स्टुडिओचं काम जाणार असेल तरी मी सांगेन. मसाला, पीठ, पापड, सांडगे यांची गोष्ट वेगळी. ती घरच्या जेवणाची सामग्री आहे, ती शिजवावी, तळावी, वाढावी लागते. तिथे गेमला शिकवण्यासारखं खूप आहे, अगदी मिठाचं मापसुद्धा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते; ते एका छोट्या चमच्याएवढं. पापड, लोणचं, रस्सा सगळं एका ताटात आलं की ते कसं भरत जातं, हे गेममधल्या ताटावर सहज दाखवता येतं. मीठ घातलेला माल विकणाऱ्या कंपनीनं हे दाखवायला हिंमत लागेल. ती तुमच्यापैकी कुणी दाखवली तर मी त्या कंपनीचं नाव सगळ्यांना सांगत फिरेन.

पैशांचंही बोलते, कारण बैठकीत शेवटी तोच प्रश्न येतो. तीन टॅपचा गेम स्वस्त पडतो आणि डाउनलोडचा आकडाही पहिल्या आठवड्यात छान दिसतो. पण तो आकडा फोनमधून गेम काढून टाकणाऱ्यांचा हिशेब सांगत नाही. खऱ्या कृतीचा गेम बनवायला वेळ जास्त लागतो, जाणती माणसं लागतात. त्याच्या बदल्यात तुम्हाला असं गिऱ्हाईक मिळतं ज्याला रस्सा करता येतो. ज्याला स्वयंपाक येत नाही तो मसाल्याचं पाकीट घेतच नाही, तो बाहेरून मागवतो. नागपुरात शिकायला आलेली, खोली घेऊन राहणारी किती तरी मुलं-मुली आज हेच करतात. त्यांच्यातल्या काहींना तुमच्या गेमनं कांदा परतायला शिकवलं, तर पुढची कित्येक वर्षं त्यांच्या फडताळात तुमचा डबा असेल.

जाणती माणसं कुठून आणायची, याचंही उत्तर गावातच आहे. आता विद्यापीठ झालेल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये खाद्य तंत्रज्ञान शिकवलं जातं, एलएडी कॉलेजमध्ये गृहविज्ञान. आणि मटण, लांब रोटी, सांबारवडी ज्यांच्या हातची आपण खातो त्या खानावळवाल्या, पोळीवाल्या, बचत गटांतल्या बाया आहेत. त्यांना बोलवा. त्यांच्या हातांचं चित्रीकरण करू, कारण लांब रोटीची लेव्हल माझ्या अंदाजानं बनणार नाही, त्यांच्या कोपरांच्या हालचालीवरूनच बनेल. त्यांना सल्लागार म्हणून मानधन द्या आणि गेमच्या शेवटी, जिथे आम्हा प्रोग्रॅमरची नावं येतात, तिथे त्यांच्या संमतीनं त्यांचीही नावं येऊ द्या. फोटोपुरतं बोलावून शाल-श्रीफळ देऊन परत पाठवू नका.

शेवटची गोष्ट गेमच्या आयुष्याची. मोहीम संपली की सर्व्हर बंद आणि गेम बंद, असा करार करू नका. इंटरनेटशिवाय चालेल असा बनवा. सावनेर, उमरेड, रामटेककडच्या गावांत नेट येतं-जातं, तिथल्या मुलांनाही खेळता यावा. मराठी मजकूर आधी लिहून घ्या आणि पात्रांना आपल्याकडे बोलतात तसं बोलू द्या.

पाटोडीची एक लेव्हल मी माझ्या वेळात बनवून ठेवलेली आहे. त्यात कुठल्याही कंपनीचं पाकीट नाही, मसाल्याच्या डब्याची जागा रिकामी आहे. बेसनाच्या गाठी होतात, वड्या फुटतात, रस्सा खाली लागतो आणि जमलं तर जमतंही. तुमच्यापैकी ज्यांना गेम काढायचा आहे त्यांनी बोलवावं. हिंगण्याला, बुटीबोरीला, इतवारीतल्या दुकानात, जिथे सांगाल तिथे फोन घेऊन येईन. फक्त त्या बैठकीला जाहिरात विभागासोबत तुमच्या कारखान्यात मसाला चाखून पास करणारा माणूसही बसवा. आधी त्यांनी खेळून पाहावं, मग पैशांचं बोलू.

आपली,
नागपुरातली एक गेम रचनाकार